केमो चालू असताना डाळिंबापेक्षा थर्मामीटर महत्त्वाचा

केमो सुरू झाली की घरात पहिली चर्चा खाण्याची. डाळिंब द्यायचं का, बीट द्यायचं का, दही चालेल का, मावशींनी किवी सांगितलंय ते कुठलं आणायचं. मी इथे पुण्यात केमोच्या डे केअरमध्ये सिस्टर आहे, खुर्चीवर सलाइन चालू असताना शेजारी बसलेले नातेवाईक बहुतेक प्रश्न ताटातलेच विचारतात, आणि घरी थर्मामीटर आहे का असं मी विचारलं की एकमेकांकडे बघतात. "होता की, कोविडमध्ये घेतलेला, सेल संपलाय बहुतेक."

म्हणून हे लिहितेय. इन्फेक्शन टाळायचं म्हणजे फळं मिठाच्या पाण्यात बुडवून ठेवणं आणि पाहुण्यांना दारातूनच परत पाठवणं एवढंच लोकांच्या डोक्यात असतं. त्यातल्या काही गोष्टींचा उपयोग आहे, काहींचा नाही, पण खरा जीव वाचतो तो ताप वेळेत ओळखून, वेळेत हॉस्पिटलला पोचून, पोचल्यापासून तासाभरात अँटिबायोटिक सुरू झालं तर. त्याचं कारण समजलं की बाकीचं आपोआप समजतं.

आपल्या रक्तातल्या पांढऱ्या पेशींमधला एक मोठा गट म्हणजे न्यूट्रोफिल. जंतू दिसला की पहिल्यांदा धावून जाणारे हे. यांचं आयुष्य फार थोडं, रक्तात तर काही तास, म्हणून हाडांच्या आतला मगज रोज साधारण दहा हजार कोटी नवे बनवत असतो. केमो भराभर वाढणाऱ्या पेशी मारते, तिला कॅन्सरची पेशी आणि मगजातली पेशी यातला फरक कळत नाही, त्यामुळे हा रोजचा पुरवठा बंद पडतो. पण केमो झाल्या झाल्या काउंट, म्हणजे रक्तातल्या या पेशींचा आकडा, पडत नाही. गुरुवारी पाणी बंद असलं तरी टाकीत असेल तोवर नळाला येतं ना, तसं आधी तयार असलेल्यांवर काही दिवस निघतात आणि मग टाकी रिकामी होते. बऱ्याच औषधांना हा सगळ्यात खालचा काळ केमोनंतर साधारण ७ ते १४ दिवसांत येतो आणि तिसऱ्या-चौथ्या आठवड्यापर्यंत काउंट परत वर येतात. गंमत अशी की तोपर्यंत उलट्या थांबलेल्या असतात, तोंडाला चव येऊ लागलेली असते, पेशंटला बरं वाटत असतं, घरचेही जरा निवांत झालेले असतात, आणि नेमके तेच दिवस धोक्याचे.

दुसरी गोष्ट लोकांना सांगितली की पटत नाही. या काळात होणारी बरीचशी गंभीर इन्फेक्शन्स बाहेरून येतच नाहीत. जंतू आपल्याच आतड्यात, तोंडात, कातडीवर राहणारे असतात, वर्षानुवर्षं बिनत्रासाचे. केमोने आतड्याचं आणि तोंडाचं आतलं नाजूक अस्तर सोललं जातं, तिथून ते रक्तात शिरतात, आणि अडवायला न्यूट्रोफिल नसतात. त्यामुळे "आम्ही तर कुणालाच घरात घेत नाही, मग इन्फेक्शन झालं कसं" या प्रश्नाला मी एकच सांगते, कुणाची चूक नाही. सून बाहेरून आली म्हणून झालं, नातवाने पापी घेतली म्हणून झालं, असली भांडणं मी डोळ्यांनी पाहिलीत, आणि बऱ्याचदा त्यांना काही अर्थ नसतो.

आता रिपोर्ट. सीबीसी या रक्ततपासणीच्या कागदावर टोटल डब्ल्यूबीसी, म्हणजे एकूण पांढऱ्या पेशी, असतं आणि खाली न्यूट्रोफिलचे टक्के असतात. समजा टोटल १८०० आणि न्यूट्रोफिल २० टक्के, तर १८०० चे २० टक्के म्हणजे ३६०. याला एएनसी म्हणतात, काही लॅब स्वतःच छापतात, काही छापत नाहीत, पण गणित पाचवीतलं आहे. १५०० च्या वर असेल तर ठीक, १००० च्या खाली जपायला पाहिजे, ५०० च्या खाली म्हणजे खरंच धोका. वरच्या उदाहरणातला माणूस ३६० वर आहे. कागदावरचा १८०० आकडा बघून "थोडेच कमी आहेत" असं वाटतं, म्हणून टोटलवर जाऊ नका.

सगळ्यांना सारखंच जपायला लागतं असंही नाही. ब्रेस्ट कॅन्सरसाठी फक्त हार्मोनची गोळी चालू असेल, टॅमोक्सिफेन किंवा लेट्रोझोल, तर त्याने काउंट पडत नाहीत, त्या बाईंनी खुशाल तुळशीबागेच्या गर्दीत जावं. रेडिएशन फक्त एका ठिकाणी असेल तर ते किती भागातल्या हाडांवर पडतंय त्यावर ठरतं. ल्युकेमियाचं ट्रीटमेंट आणि बोन मॅरो ट्रान्सप्लांट ही दुसऱ्या टोकाची गोष्ट, तिथे नियम खूपच कडक, त्यांनी आपल्या टीमचंच ऐकायचं, माझं नाही. लिम्फोमासारख्या आजारांत देतात त्या रिटुक्सिमॅबसारख्या औषधात आणखी वेगळं, त्यात न्यूट्रोफिल ठीक दिसले तरी अँटिबॉडी बनवणाऱ्या पेशी कित्येक महिने गायब असतात, म्हणजे ट्रीटमेंट संपली तरी जपणं संपत नाही.

तर ताप. आकडा लक्षात ठेवा, १००.४ फॅरेनहाइट, म्हणजे ३८ सेल्सिअस. एकदा जरी दिसला तरी हॉस्पिटलच्या नंबरवर फोन, रात्रीचे दोन वाजले असले तरी. सकाळी बघू, आधी पुसून काढू, आपल्या फॅमिली डॉक्टरला दाखवू, हे इथे चालत नाही. का ते सांगते. साध्या माणसाला इन्फेक्शन झालं की लालसरपणा येतो, सूज येते, पू होतो, छातीच्या एक्सरेत डाग दिसतो. हे सगळं करायला न्यूट्रोफिलच लागतात, पू म्हणजे मुख्यतः मेलेले न्यूट्रोफिलच तर असतात. ते नसतील तर न्यूमोनिया असूनही एक्सरे स्वच्छ दिसू शकतो, लघवीचं इन्फेक्शन असून लघवीत पस सेल, म्हणजे पूच्या पेशी, दिसत नाहीत. बऱ्याचदा ताप हीच एकमेव खूण उरते, आणि त्यातून काही तासांत बीपी पडून माणूस आयसीयूत जाऊ शकतो.

ताप हाताने बघायचा नाही. कपाळाला हात लावून "अंग जरा कोमट लागतंय" हे माप नाही. साधा डिजिटल थर्मामीटर चालतो, जिभेखाली धरायचा, तोंड मिटून, बीप होईपर्यंत. गरम चहा किंवा गार पाणी घेतलं असेल तर वीसेक मिनिटं थांबायचं, नाहीतर आकडा चहाचा येतो. तोंड आलं असेल तर काखेत लावा, पण काखेतला आकडा आतल्यापेक्षा कमीच येतो हे धरून चाला, ९९.८ आला आणि कसकस आहे तर परत थोड्या वेळाने बघा. गुदद्वारात थर्मामीटर अजिबात नाही, तिथलं अस्तर आधीच नाजूक असतं, जखम झाली की जंतूंना सरळ वाट. सपोझिटरी (तिथूनच आत सरकवायची गोळी) आणि एनिमासुद्धा विचारल्याशिवाय नाही, मग बद्धकोष्ठ कितीही झालं असो.

आणि पॅरासिटामॉल! यावरून मी रोज घसा कोरडा करते. अंग दुखतंय म्हणून डोलो, डोकं जड आहे म्हणून क्रोसिन, आपल्याकडे ही गोळी शेंगदाण्यासारखी खाल्ली जाते. तिने ताप दबतो, आत इन्फेक्शन वाढत राहतं आणि थर्मामीटर ९८.६ दाखवतो. गोळी घ्यायच्या आधी ताप मोजा आणि डॉक्टरांना फोन करून मगच घ्या. उलट्या होऊ नयेत म्हणून केमोच्या पहिल्या काही दिवसांत डेक्सामेथासोन देतात, ते स्टिरॉइड आहे, त्यानेही ताप झाकला जातो. म्हणून ताप नसला तरी हिव भरलं, अंग थरथरलं, पेशंट गळून गेल्यासारखा झाला, धाप लागली, लघवी कमी झाली, असंबद्ध बोलायला लागला, तरी निघायचंच. वयस्कर माणसांमध्ये तर कधी कधी "आज बाबा काही बोलतच नाहीयेत" इतकीच खूण असते.

निघायचं कुठे हे आधी ठरवून ठेवा. रात्री इमर्जन्सी चालू असलेलं, केमोचे पेशंट घेणारं हॉस्पिटल कुठलं, तुमच्या डॉक्टरांची तिथे ओळख आहे का, कुठल्या गेटने आत जायचं. सिंहगड रोडला राहता आणि हॉस्पिटल नदीपलीकडे असेल तर विसर्जनाच्या दिवशी काय करणार, पालखी मुक्कामाला असेल त्या दोन दिवसांत कुठून जाणार, हे केमोची तारीख मिळते तेव्हाच बघून ठेवा. सातव्या ते चौदाव्या दिवसांत अनंत चतुर्दशी येत असेल तर डॉक्टरांना तसं सांगा, ते काही हसणार नाहीत. फाइलच्या सगळ्यात वरच्या कागदावर आजाराचं नाव, केमोच्या औषधांची नावं, शेवटच्या केमोची तारीख, अ‍ॅलर्जी आणि डॉक्टरांचा नंबर. आत शिरल्यावर पहिलं वाक्य "ताप आलाय" असं नको, "केमो चालू आहे, शेवटची अमुक तारखेला झाली, आणि ताप १०१ आहे" असं पाहिजे. नुसतं ताप म्हटलं तर डेंग्यूच्या दिवसांत तुम्हाला रांगेत बसवतील. मग रक्त घेतात, कल्चरसाठी, म्हणजे जंतू वाढतात का ते बघायला, हातातून आणि पोर्ट (केमो द्यायला कातडीखाली बसवलेली छोटी डबी) असेल तर पोर्टमधूनही, आणि रिपोर्टची वाट न बघता शिरेतून अँटिबायोटिक सुरू करतात. सगळेच अ‍ॅडमिट होतात असं नाही, धोका कमी वाटला तर थोडा वेळ नजरेखाली ठेवून गोळ्यांवर घरी सोडतात, पण ते ठरवायचं काम त्यांचं.

आता या ताटाकडे. पूर्वी काउंट पडले की कच्चं सगळं बंद करायचे, फळं, कोशिंबीर, काहीही. गेल्या काही वर्षांत नीट तुलना करून झालेल्या अभ्यासांमध्ये, अगदी ट्रान्सप्लांटच्या पेशंटमध्येसुद्धा, त्या कडक पथ्याने इन्फेक्शन कमी होतात असं दिसलं नाही. स्वच्छ हाताळणी केलेलं साधं जेवण तितकंच सुरक्षित, आणि उलट पथ्यापायी माणूस खायचंच कमी करतो ते वेगळंच. तरी काही हॉस्पिटलं अजून जुना नियम पाळतात, तुमचं तसं असेल तर वाद घालू नका, विचारा. घरी सोललेलं केळं, संत्रं, पपई चालते. द्राक्षं आणि कोथिंबीर वाहत्या पाण्याखाली, जुडी सोडवून, देठाशी माती असते तिथे बोटाने चोळून. मिठात, व्हिनेगरमध्ये तासभर भिजवायची गरज नाही.

नाही म्हणजे नाहीच अशा थोड्याच गोष्टी आहेत. कच्चे मोड, कारण मोड आणायला लागणारी ऊब आणि ओल हीच जंतूंनाही लागते आणि ते बियात आतवर असतात, धुऊन जात नाहीत. मटकीची उसळ मऊ शिजवून खा, मुगाची कच्ची कोशिंबीर नको. अर्धं कच्चं अंडं, न शिजलेलं चिकन, न तापवलेलं दूध नको. पिशवीचं दूध पाश्चराइज्ड असतं, गवळ्याचं सुट्टं असेल तर चांगलं उकळी फुटू द्या. पाणीपुरी, बर्फ घातलेला उसाचा रस, तिखटमीठ लावून ठेवलेली कापलेली कैरी-पेरू, हे काउंट वर येईपर्यंत विसरा. मिसळीची तर्री उकळती असते हो, पण वरचा कांदा कधी चिरलाय ते देवालाच ठाऊक. अमृततुल्यचा चहा उकळून उकळून पवित्र झालेला असतो, ग्लास ज्या बादलीत विसळतात ती बघा म्हणजे कळेल. शिजवलेलं दोन तासांपेक्षा जास्त बाहेर ठेवू नका, रात्रीचा भात ओट्यावर ठेवून सकाळी फोडणीचा भात करायची सवय निदान या माणसाच्या ताटापुरती सोडा, भातातल्या एका जंतूचं विष परतून जात नाही.

पाणी. २०२५ च्या जानेवारीत पुण्यात सिंहगड रोडकडच्या नांदेड गाव, किरकटवाडी, धायरी या पट्ट्यात जीबीएसचे (गिया-बारे सिंड्रोम, हातापायांतली ताकद जाणारा नसांचा आजार) पेशंट वाढले तेव्हा अनेकांच्या तपासणीत कॅम्पायलोबॅक्टर जेजुनी सापडला होता, हा दूषित पाण्यातून आणि न शिजलेल्या चिकनमधून येणारा जंतू. तेव्हा धडधाकट माणसं आजारी पडली. सोसायटीला टँकर येत असेल, विहिरीचं पाणी मिसळत असेल, तर फिल्टर असला तरी पाणी खळखळून उकळा, खळखळ सुरू झाल्यावर एक मिनिट पुरतं. गार करून झाकून ठेवा आणि पिंपात पेला बुडवू नका, बोटं आत जातात. लांब दांड्याचं ओगराळं किंवा तोटी.

सकाळी बागांच्या बाहेर गव्हांकुराचा रस मिळतो, त्याबद्दल स्पष्टच बोलते, केमोत नको. मातीत उगवलेलं, कच्चं, दुसऱ्याच्या मिक्सरमधून निघालेलं. आणि "इम्युनिटी वाढवायला" म्हणून गुळवेल, काढे, कुठल्या कुठल्या गोळ्या. कोविडच्या काळात गुळवेल घेऊन लिव्हरला इजा झालेल्या केसेस मुंबईतल्या डॉक्टरांनी नोंदवल्यात, आणि केमोची बरीच औषधं लिव्हरमधूनच जातात. डाळिंब-बीट खा की, छान लागतं, पण त्याने न्यूट्रोफिल येत नाहीत. रक्त चढवूनही येत नाहीत, बाटलीतलं रक्त तांबड्या पेशींसाठी असतं.

काउंट वाढवायचं इंजेक्शन मात्र असतं, जी-सीएसएफ. मगजाला जोरात काम करायला लावतं. केमो संपल्यावर निदान २४ तासांनी सुरू करतात, एक रोज घ्यायचं असतं आणि दुसरं लांब टिकणारं सायकलला एकदाच. ते फ्रिजमध्ये ठेवायचं, फ्रीझरमध्ये नाही, जोरजोरात हलवायचं नाही. कंबर आणि मांड्यांची हाडं ठणकतात, घाबरायचं कारण नाही, पण त्यावर गोळी घेताना वरचं पॅरासिटामॉलचं आठवा. काही पेशंटना सेप्ट्रानसारखी गोळी, काहींना नागिणीच्या व्हायरसवरचं अ‍ॅसायक्लोविर, काहींना फंगसविरुद्धचं औषध आधीपासूनच चालू करतात. "आजार नसताना अँटिबायोटिक कशाला" म्हणून परस्पर बंद करू नका. हेपटायटिस बीची तपासणी केमोआधीच होते, जुना झोपलेला व्हायरस उठू शकतो म्हणून. घरात कुणाला टीबी होऊन गेला असेल तर तेही न लाजता सांगा.

भेटायला येणारी माणसं हा तर वेगळाच विषय. आपल्याकडे आजाऱ्याला बघायला गेलं नाही तर माणूस वर्षभर टोमणे खातो. सरसकट बंदी घालू नका, पेशंट एकटा पडतो आणि ते काही बरं नसतं. सर्दी-खोकला, जुलाब, अंगावर पुरळ असलेल्याने यायचं नाही, आलेल्याने साबणाने हात धुवायचे, वीस सेकंद, आणि पलंगावर बसायचं नाही, खुर्ची आहे ना. सॅनिटायझर बरा, पण जुलाबाच्या काही जंतूंवर तो चालत नाही, टॉयलेटनंतर साबणच. गर्दीत, पीएमपीच्या बसमध्ये, ओपीडीत मास्क. सकाळी रिकाम्या बागेत फिरायला कसलीच हरकत नाही.

पुण्यात मला जास्त काळजी धुळीची वाटते. कोथरूड म्हणा, सहकारनगर म्हणा, दर दुसऱ्या गल्लीत रिडेव्हलपमेंट. जुनी बिल्डिंग पाडताना आणि खणताना अ‍ॅस्परजिलस नावाच्या बुरशीचे बीजाणू हवेत उडतात, आपण सगळे रोज ते ओढतो आणि काही होत नाही, पण न्यूट्रोफिल बरेच दिवस शून्याजवळ असतील तर ते फुप्फुसात घर करतात. शेजारी पाडकाम असेल तर त्या बाजूच्या खिडक्या बंद, जमलं तर ते दिवस पेशंट दुसऱ्या घरी. पावसाळ्यात भिंतीला ओल येऊन काळे डाग पडतात त्या खोलीत झोपवू नका, आणि डाग घासायचं काम पेशंटचं नाही. कुंड्यांची माती, फुलदाणीतलं शिळं पाणी, बाल्कनीतली कबुतरांची घाण, हेही दुसऱ्याने करावं. कुत्रा घरातून घालवायची गरज नाही, फक्त त्याची शी-शू दुसऱ्याने काढायची.

तोंडासाठी मऊ ब्रश आणि दिवसातून चार-पाच वेळा गुळण्या, एक कप कोमट पाण्यात पाव चमचा खाण्याचा सोडा आणि चिमूटभर मीठ. हलणारा, किडलेला दात केमोच्या आधीच डेंटिस्टला दाखवा, मधे नाही. पोर्ट किंवा पिक लाइनची (दंडातल्या शिरेतून आत घातलेली लांब नळी) जागा रोज बघा, लाल झाली, दुखली, किंवा लाइन फ्लश केल्यावर, म्हणजे सलाइनने धुतल्यावर, अर्ध्या तासात थंडी वाजली तर तो लाइनचाच ताप समजा आणि फोन करा. नागीण निघाली तर गेरू लावत बसू नका, अंगाला वेढा घातला की माणूस जातो हे खोटं आहे, पण ७२ तासांच्या आत गोळ्या सुरू झाल्या तर फरक पडतो हे खरं आहे.

लसींचं शेवटी सांगते कारण कुणी विचारतच नाही. फ्लूची दरवर्षीची इंजेक्शनची, न्यूमोनियाची, आणि २०२३ पासून भारतात मिळणारी नागिणीची नवी लस, या तिन्हीत जिवंत जंतू नसतात, त्या देता येतात, जमलं तर केमोच्या दोन आठवडे आधी. गोवर, कांजिण्यांसारख्या जिवंत लसी पेशंटला नाहीत. घरच्यांनी मात्र फ्लूची घ्यावीच. आणि घरात तान्हं बाळ असेल तर बाळाच्या डॉक्टरांना सांगा की आजोबांची केमो चालू आहे, कारण पोलिओच्या थेंबांमध्ये जिवंत व्हायरस असतो आणि तो काही आठवडे बाळाच्या शीमधून बाहेर पडतो, रोटाव्हायरसच्या थेंबांचंही तसंच. पण म्हणून बाळाचा डोस परस्पर चुकवायचा नाही, इंजेक्शनचा पोलिओ देता येईल का ते विचारायचं, आणि लंगोट बदलायचं काम त्या दिवसांत आजोबांकडे द्यायचं नाही. ते आधीही करत नव्हते म्हणा.